लेबल शेवटी वाचा : जुन्या इटालियन मँडोलिनच्या खरेदीविषयी

साधारण १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या तीस-पस्तीस वर्षांत इटलीत मँडोलिनांचं अमाप पीक आलं. नेपल्स, रोम आणि सिसिलीतलं कातानिया ही त्याची मोठी ठिकाणं. इटलीची राणी मार्गेरिता मँडोलिन वाजवायची, त्यामुळे खानदानी घरांतल्या मुलींच्या शिक्षणात त्याला जागा मिळाली. नेपल्सच्या न्हाव्यांच्या दुकानांत तर ते आधीपासूनच खुंटीला लटकलेलं असे. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका, सगळीकडे हौशी वाद्यवृंद निघाले. इटली सोडून जाणाऱ्या लाखो लोकांच्या गाठोड्यांतूनही मँडोलिनं समुद्रापार गेली. मग युद्ध झालं, पाठोपाठ जॅझ आला, बँजो आला, आणि ही सगळी वाद्यं माळ्यावर पडली. आज विक्रीला दिसतात ती बहुतेक त्या माळ्यांवरून उतरवलेली.

हे आधी सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. विकणारा 'शंभर वर्षांचं जुनं' म्हणतो तेव्हा तो सहसा खोटं बोलत नसतो. पण नुसत्या वयाला या बाजारात भाव नाही, कारण त्या वयाचा माल मुबलक आहे. शंभर वर्षांपूर्वीही स्वस्त वाद्यं बनत होती, किंबहुना तीच जास्त बनत होती. सहलीला आलेल्या पाहुण्याने आठवण म्हणून न्यावं एवढ्यासाठीच बनवलेलं मँडोलिन शतकभर जगलं, तरी ते आठवणीसाठीच बनवलेलं राहतं. 'आजोबांचं होतं' ही गोष्ट ऐकायला छान असते, तिच्यासाठी पैसे मोजायचे नसतात.

ही पुस्तिका ज्याला गोल पाठीचं इटालियन मँडोलिन विकत घ्यायचंय आणि वाजवायचंय त्याच्यासाठी आहे. एकाच वाद्याच्या तीन किमती असतात, हे त्याने आधी मनाशी पक्कं करावं. एक संग्राहकाची : कारागिराचं नाव, साल, मूळ भाग शाबूत आहेत का, यावर ठरणारी. दुसरी वाजवणाऱ्याची : दांडी सरळ आहे का, सूर जागेवर लागतो का, आवाज कसा आहे. तिसरी भिंतीची, म्हणजे शोभेची. विकणारा बहुतेक वेळा पहिली किंवा तिसरी किंमत सांगतो, आणि दुसरी त्यात धरलेली आहे असं आपण गृहीत धरतो. सगळी फसगत इथे होते, आणि ती दर वेळी विकणाऱ्याच्या लबाडीमुळे होते असंही नाही. पुष्कळदा त्यालाही वाजवता येत नसतं.

आता वाद्याकडे वळू. आज ज्याला आपण नेपल्सचं मँडोलिन म्हणतो त्याची घडण पास्क्वाले विनाच्चा या नेपल्सच्या कारागिराने १८३०च्या दशकात बसवली. आतड्याच्या तारा जाऊन पोलादी तारा आल्या, लाकडी खुंट्यांच्या जागी दात्यांची यंत्रं आली, दांडीवरचे पडदे वाढले. चार जोड्यांत आठ तारा, सूर व्हायोलिनचेच : सा-प, सा-प करत चढत जाणारे. मेरूपासून घोडीपर्यंत मोकळी तार साधारण ३३ सेंटिमीटर. पाठ म्हणजे पातळ लाकडी पट्ट्या गरम करून वाकवून, साच्यावर एकीला एक जोडून केलेली खोलगट वाटी. आतून सांध्यांवर कागद किंवा कापड चिकटवलेलं. वर स्प्रूसची तबली, बहुधा तीन मिलिमीटरच्या आतली. ही तबली सपाट नसते. घोडीच्या मागे ती किंचित मोडून खाली झुकवलेली असते. हा मोड कारागिराने मुद्दाम दिलेला आहे. तारांचा दाब तबलीवर नीट बसावा म्हणून तो लागतो. पहिल्यांदा पाहणारे त्याला 'तबली बसली' समजतात, आणि खरोखर बसलेली तबली पाहून 'असंच असतं' म्हणतात.

या एवढ्याशा सांगाड्यावर आठ पोलादी तारांचा मिळून पन्नास किलोच्या वर ताण असतो. आजच्या गिटारच्या दांडीत असते तशी ताण तोलणारी लोखंडी सळई यात नाही. तेव्हा शंभर वर्षांत काय झालं असेल याचा अंदाज करायचा तर दांडीपासूनच सुरुवात करावी. मी तर म्हणेन, दांडी पाहून होईपर्यंत बाकी कशाकडे बघूच नये.

वाद्य डोळ्यांच्या रेषेत धरा, माथ्याकडून घोडीकडे नजर टाका. मग पोलादी पट्टी पडद्यांवर टेकवून बघा. दांडी मधोमध खोलगट झाली असेल तर पट्टीखालून उजेड दिसेल. पण तेवढ्यावर थांबू नका. या वाद्यात दांडी दहाव्या पडद्याशी अंगाला मिळते. पट्टी दहाव्या पडद्यापर्यंत छान बसते आणि पुढे एकदम अंतर पडतं, असं असेल तर दांडी सरळच आहे. ती मुळापासून पुढे कलली आहे, किंवा तिच्या पुढची तबली आत गेली आहे. पहिला, म्हणजे दांडी खोलगट झाल्याचा, दोष पडदे काढून, पडद्यांखालची पट्टी घासून बरा करता येतो. दुसऱ्यासाठी दांडी सोडवून नव्या कोनात बसवावी लागते. ते काम जाणणारे थोडे, आणि युरोपातली त्याची मजुरी साध्या कातानियाच्या मँडोलिनच्या किमतीहून सहज जास्त होते.

आता बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते मोजा. दोन मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. तीन असेल तर चालवून घेता येतं. चार किंवा वर असेल तर बोटं सोलतील आणि तार दाबताना सूरही चढेल. लगेच विकणारा म्हणतो, 'घोडी थोडी घासली की झालं.' म्हणून घोडीकडे नीट बघा. जुन्या घोडीची उंची एक सेंटिमीटरच्या खाली गेलेली दिसते, खालच्या कडेला नवी, फिकी, रंधा लागल्यासारखी लाकडाची रेघ दिसते, आणि तरीही तारा उंचच आहेत. याचा अर्थ तुमच्या आधी कोणीतरी हाच उपाय करून बसलंय, आणि आता घासायला काही उरलेलं नाही. शिवाय घोडी बुटकी झाली की तार तिच्यावरून पुरेशा कोनात वळत नाही, तबलीवर दाब पडत नाही, आवाज पिचका होतो. हे एकच चिन्ह ओळखता आलं तरी या पुस्तिकेची किंमत वसूल झाली.

घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. त्यामुळे फोटोत ती कुठेही असू शकते. मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्यापासून घोडीपर्यंत हवं. साडेसोळा इकडे, साडेसोळा तिकडे, किंवा केसभर जास्त. घोडी जागेवर आणून मग तारेचा मोकळा सूर, बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ताडून बघा. दाबलेला सूर चढा येतो आणि घोडी हलवूनही मिटत नाही, तर कारण पुन्हा दांडीतच शोधावं लागेल.

'तारा काढून ठेवल्यात, वाद्याला आराम म्हणून,' असं जेव्हा सांगतात तेव्हा दांडीबद्दल काहीच सिद्ध झालेलं नसतं. बिनतारेची दांडी सरळच दिसते. दूरवरून खरेदी करत असाल तर पूर्ण सुरात लावलेल्या वाद्याचा बाजूने काढलेला फोटो मागावा, बाराव्या पडद्यापाशी एखादं नाणं ठेवून. देत नसतील तर किंमत भिंतीच्या भावाने धरावी.

तबलीला भेगा असतात, आणि त्यांची भीती बाळगायचं कारण नाही. रेषेत गेलेली, दोन्ही कडा एका पातळीत असलेली भेग नीट चिकटवली की आयुष्यभर तशीच राहते. एक कड वर, एक खाली असेल तर आतली आडवी पट्टी सुटली असण्याचा संभव. बोटाच्या पेराने तबलीवर हलकेच टकटक करत फिरावं, कुठेतरी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर तीच जागा. आवाजछिद्रातून छोटा आरसा आणि मोबाइलचा उजेड आत सोडला की बाकीचं दिसतं : सुटलेल्या पट्ट्या, नंतर कोणी ओतलेला चकचकीत डिंक, पाठीच्या सांध्यांवरचा फाटलेला कागद. पाठीच्या दोन पट्ट्यांमध्ये फट असेल तर दुरुस्ती सोपी आहे. कारण जुने जोड सरसाचे आहेत आणि सरस उष्णतेने पुन्हा मऊ होतो. एखाद्याने त्यात इपॉक्सी भरलं असेल तर मात्र ते काढणं जिवावर येतं.

आता नटवेपणाबद्दल. शिंपल्याची फुलं, तबलीवर कासवाच्या पाठीतून कोरलेलं फुलपाखरू, दांडीवर चंद्रकोरी, पाठीला पन्नास पट्ट्या : या सगळ्याने हात आपोआप पाकिटाकडे जातो. पट्ट्यांची संख्या विकणारे मोजून सांगतात. नऊ-दहा रुंद पट्ट्यांची पाठ करायला सोपी, तीस अरुंद पट्ट्यांची अवघड, आणि प्रत्येक पट्टी मधे खोलगट कोरलेली असेल तर फारच अवघड. तेव्हा पट्ट्यांवरून कारागिराच्या मजुरीचा अंदाज येतो. आवाजाचा येत नाही. आवाज ठरतो तबलीच्या लाकडावर, तिच्या जाडीवर आणि आतल्या आडव्या पट्ट्यांवर, आणि त्यातलं काहीच दुकानाच्या काचेतून दिसत नाही. जास्त सजवलेली पुष्कळ मँडोलिनं तर वाजवणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्यासाठीच केलेली असत. माझ्यापुढे एक साधं, जवळजवळ बिनशोभेचं, विद्यार्थ्यासाठी म्हणून बनवलेलं एम्बेर्गेर आणि एक शिंपल्याने मढवलेलं अनाम वाद्य ठेवलं, तर मी दुसऱ्याकडे वळूनही बघणार नाही.

एम्बेर्गेरचं नाव निघालंच आहे. लुईजी एम्बेर्गेर १८५६ साली आर्पिनो गावी जन्मला, सिसेरोच्याच गावी, आणि रोममध्ये त्याने जे मँडोलिन घडवलं ते नेपल्सच्या मँडोलिनहून वेगळं आहे. दांडी अरुंद आणि मागून टोकदार, हातात धरली की लगेच कळणारी. पडद्यांची पट्टी सपाट नसून किंचित बाकदार. माथ्याला खाचा, त्यात गिटारसारख्या बाजूने फिरणाऱ्या खुंट्या. उत्तम प्रतींत पडदे आवाजछिद्राच्याही वर चढत जातात. आवाज ठाशीव, एकत्र आलेला. सिल्व्हिओ रानिएरीसारखे वादक त्यावर वाजवत. १९३८ च्या सुमाराला एम्बेर्गेरने काम डोमेनिको चेर्रोनेकडे सोपवलं, आणि ती परंपरा पुढे पास्क्वाले पेकोरारोपर्यंत गेली. त्यामुळे 'रोमन' घडणीचं प्रत्येक वाद्य एम्बेर्गेरच्या हातचं नसतं, आणि ते नसलं म्हणून वाईटही नसतं.

नेपल्सकडे विनाच्चा घराण्यानंतरचं मोठं नाव कालाचे. राफाएले कालाचे (१८६३-१९३४) स्वतः वादक आणि रचनाकारही होता. १९२४ मध्ये तो जपानच्या दौऱ्यावर गेला होता. तिथे आजही विद्यापीठांतून मँडोलिन वाद्यवृंद भरभराटीला आहेत, आणि चांगल्या जुन्या इटालियन मँडोलिनला तिथून मागणी असते. कालाचेंचा कारखाना नेपल्समध्ये अजून चालू आहे : राफाएलेनंतर ज्युसेप्पे, मग धाकटा राफाएले. म्हणजे नुसतं 'कालाचे' वाचून वाद्य १९१० चं की १९७० चं हे कळत नाही. उम्बेर्तो चेक्केरिनीची वाद्यं एका वेगळ्या कारणाने गोंधळात टाकतात. त्यांना तबलीच्या आत दुसरी तबली असते. आवाजछिद्रातून आत लाकूड दिसलं की घाबरून जायचं कारण नाही, पण दुरुस्ती करणारा दुप्पट पैसे मागेल हे धरून चालावं.

लेबलाची पाळी आत्ता येते, यापूर्वी नाही. लेबल कागदाचं असतं आणि कागद कोणीही चिकटवू शकतं. विनाच्चाच्या नावाची लेबलं विनाच्चाने कधी न पाहिलेल्या वाद्यांत सापडतात. खोटं नसलं तरी लेबलावरचं नाव कारागिराचंच असेल असं नाही. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने ठोक माल मागवून आपलं नाव लावलेलं असतं. तरी लेबलातून काही कळतं. त्यावर प्रदर्शनांतल्या पदकांची चित्रं आणि सालं असतील तर वाद्य शेवटच्या पदकाच्या आधीचं असू शकत नाही. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, त्यामुळे अमेरिकेत उतरलेल्या वाद्यावर इंग्रजीत 'इटली' छापलेलं असेल तर ते बहुधा त्यानंतरचं. लेबल आणि वाद्य यांत भांडण असेल तर वाद्यावर विश्वास ठेवावा : रोमचा पत्ता आणि रुंद, चपटी, नेपल्सची दांडी, असं दिसलं की समजून घ्यावं.

भारतात मागवणाऱ्यांसाठी एक अडचण आहे, आणि ती किमतीची नाही. तबलीवरची ती तपकिरी-पिवळी नक्षी खरोखरच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचाची असू शकते. हे कासव आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि सायटीस करारानुसार त्याच्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. ब्राझिलियन रोझवूडच्या पाठीलाही १९९२ पासून त्या कराराचं कलम लागतं. कस्टम्समध्ये 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. बऱ्याच वाद्यांवर कवच नसून सेल्युलॉइड असतं हा दिलासा. त्यातले डाग सारख्या अंतराने येतात, घासलं की कापरासारखा वास येतो. तापलेली सुई टोचून बघण्याचा जुना सल्ला अजून कुणी देतं. तो ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

आपल्या वाचकाला मँडोलिन बहुधा चित्रपटसंगीतातून माहीत असतं. सज्जाद हुसेन यांनी त्यावर रागदारी वाजवली. लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिनवादक म्हणून नावारूपाला आले. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं आणि जोडतारा काढून एकेरी तारा लावल्या. ज्यांच्या कानात हे आवाज आहेत त्यांनी नीट विचार करावा. गोल पाठीच्या इटालियन वाद्याची ठेवण ट्रेमोलोची आहे, म्हणजे जोडतारेवर नखीने भराभर आघात करत सूर लांबवण्याची. बारीक पडद्यांवर दुहेरी तार ओढून मींड काढायला ते फार साथ देत नाही. मींडच हवी असेल तर दुसरं वाद्य घ्यावं. या पुस्तिकेतलं निम्मं त्यांच्या कामाचं नाही.

घेतलंच, तर पहिलं काम तारा बदलण्याचं. मुंबई-पुण्याच्या दुकानांत मँडोलिनच्या म्हणून मिळणाऱ्या तारा बहुधा सपाट पाठीच्या अमेरिकन वाद्यांसाठीच्या, जाड असतात; शंभर वर्षं टिकलेली तबली त्या दोन वर्षांत बसवतात. सर्वांत वरची तार इंचाच्या नऊ हजारांशाची, अशा अगदी हलक्या संचाच्या तारा मागवून ठेवाव्यात. पार्सल आल्याबरोबर सूर लावू नये, पेटी उघडून दोन-तीन दिवस खोलीत राहू द्यावी. कोकणातल्या पावसाळ्यात सरसाचे जोड ओलाव्याने ढिले पडतात आणि मग एसीच्या खोलीत लाकूड आक्रसतं. वाद्य पेटीतच, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावं.

पुढच्या प्रकरणांत काय नाही तेही सांगून टाकतो. अठराव्या शतकातली, आतड्याच्या तारांची वाद्यं इथे घेतलेली नाहीत. ती संग्रहालयांत आणि तज्ज्ञांच्या हाती असतात, आणि त्यांचे निकष अगदी निराळे. मिलानच्या पद्धतीचं मँडोलिन, ज्याची पाठही गोल असते पण तारा सहा किंवा सहा जोड्या, तेही सोडलंय. किमतींचा तक्ता दिलेला नाही. अनाम कातानियन वाद्य काहीशे युरोंत आणि चांगलं एम्बेर्गेर काही हजारांत, एवढं अंतर लक्षात असलं की पुरे. नेमके आकडे पुस्तक छापून होईपर्यंत बदललेले असतात, आणि जुने आकडे हातात घेऊन भाव करणारा गिऱ्हाईक विकणाऱ्याला फार आवडतो.